संध्याकाळच्या मेकॅनिक क्लासला निघालायस, तर हे ऐक

दिवसभराची नोकरी करून गाडी दुरुस्ती शिकायला निघालास, मनापासून बरं वाटलं. मीही असाच शिकलो.

फी भरण्याआधी क्लासचं वर्कशॉप डोळ्यांनी बघून ये. एका इंजिनाभोवती किती पोरं उभी असतात ते मोज. मागे उभं राहून हात शिकत नाहीत. बीएस-६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम पाळणारी, गाडी शिकायला आहे का, हेही विचार. १ एप्रिल २०२० पासून तेच नियम लागू आहेत आणि नव्या दुचाक्यांत पेट्रोल-हवा मिसळून देणारा कार्बोरेटर जाऊन सेन्सरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारं फ्युएल इंजेक्शन आलंय. कार्बोरेटरही शीकच, जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत.

नट-बोल्ट खोलायचे पाने हळूहळू घे, पण मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, पहिल्याच महिन्यात घे. बंद गाडीची चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन जरा रेस केलं की साडेतेरा ते साडेचौदा. आकडा वर चढलाच नाही, तर दोष चार्जिंगमध्ये, म्हणजे रेग्युलेटर, कॉइल नाहीतर वायरिंग. सुरुवातीला मी हे न मोजताच एका गिऱ्हाईकाला नवी बॅटरी घ्यायला लावली. तिसऱ्या दिवशी तो गाडी ढकलत परत आला. त्याचे पैसे मी परत केले, पण तो चेहरा अजून आठवतो.

रविवारी घराजवळच्या गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली बस, पैसे नाही मिळाले तरी.

आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नकोस. आधी गाडीचं वजन पेलणारा जॅक-स्टँड लाव, मग खाली जा.