हिरोशिमात एकच दिवस असेल तर फुकुरोमाची शाळा पाहावी का?

हिरोशिमात एकच दिवस हाती असताना शांतता स्मारक संग्रहालयाखेरीज फुकुरोमाची प्राथमिक शाळेतले छोटे संग्रहालयही पाहावे का, आणि नऊ वर्षांच्या मुलीला तेथे न्यावे का, असे आपण विचारले आहे. अवश्य पाहावे, आणि जमल्यास तेच आधी पाहावे.

अणुबाँब पडला त्या केंद्रापासून ही शाळा सुमारे 460 मीटरवर. 1937 साली बांधलेली तिची काँक्रीटची पश्चिम इमारत आतून जळून गेली, पण सांगाडा उभा राहिला आणि तेथेच मदतकेंद्र सुरू झाले. काजळीने काळ्या पडलेल्या भिंतींचे आयते फळे झाले. कोण कोठे आहे, कोणाचा शोध चालू आहे, हे लोकांनी त्यांवर खडूने लिहिले. पुढे गिलावा चढला, वर्ग भरू लागले. 1999 मध्ये, इमारत पाडायच्या आधी तपासणी झाली तेव्हा ती अक्षरे पुन्हा सापडली, आणि इमारतीचा एक भाग राखून 2002 मध्ये संग्रहालय उघडले. शेजारी शाळा आजही भरते.

मला जपानी वाचता येत नाही. तरीही त्या भिंतीपुढून माझा पाय निघेना, कारण 2019 च्या महापुरात सांगलीजवळच्या ज्या शाळेत मी शिकवत होते, तिच्या वरच्या मजल्यावर आसऱ्याला आलेल्या लोकांनी व्हरांड्याच्या भिंतीवर असेच खडूने लिहिले होते. ‘आजी व दोन्ही मुले मिरजेला मामाकडे. म्हैस सोडली आहे.’ हे वाक्य मला आजही पाठ आहे. ‘म्हैस’मधला ‘स’ घाईत अर्धाच राहिला होता. एवढी एक भिंत ठेवा, असे मी संस्थेच्या अध्यक्षांना तीनदा सांगितले. शाळेची भिंत शाळेसारखी दिसली पाहिजे, असे म्हणून त्यांनी स्नेहसंमेलनाआधी तिला रंग दिला. माझ्या मते तो शुद्ध अडाणीपणा होता. फुकुरोमाचीच्या भिंतीबद्दल मी त्यांना सविस्तर कळवले, तर उत्तरादाखल जोडलेल्या हातांचे चित्र आले.

मुलीविषयी सांगायचे, तर मोठ्या संग्रहालयात मुलांचे जळालेले कपडे आहेत आणि छायाचित्रेही पाहवत नाहीत, तेव्हा तेथे न्यायचे की नाही हे आपणच ठरवावे. शाळेत मात्र खुशाल न्यावे, पण तिथले सुमारे 160 विद्यार्थी आणि कर्मचारी त्या दिवशी गेले, हे तिला आधी सांगावे. प्रवेश विनामूल्य आहे. एक मान्य केले पाहिजे: जागा लहान आहे, आणि भिंतीवर काय लिहिले आहे हे समजून न घेता गेल्यास दहा मिनिटांत बाहेर पडाल.

आणि आपण एखाद्या शाळेच्या कार्यकारिणीवर असाल, तर जुन्या भिंतीला रंग देण्यापूर्वी निदान तिचे फोटो काढून ठेवावेत. आमच्या भिंतीवर ऑइलपेंटचे दोन हात बसले आहेत. पुढच्या रंगकामाच्या वेळी वीतभर तरी खरवडून पाहा, असा अर्ज मी देऊन ठेवला आहे.