देवाने माणसाला फ्री विल (स्वतःच्या इच्छेने वागायची मोकळीक) दिलं म्हणून जगात वाईट घडतं म्हणता, मग २०१९ चा कोल्हापूरचा पूर कुणाच्या फ्री विलमुळे आला?

फ्री विलचं उत्तर माणसाने केलेल्या वाईटापुरतंच चालतं, पुराला ते पुरत नाही आणि चर्चमध्ये पण हे विचारलं की गाडी सरळ ‘देवाची योजना’वर जाते. मी स्वतः ख्रिस्ती आहे, वाचनावरून सांगतो. अॅल्विन प्लँटिंगा या अमेरिकन ख्रिस्ती तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये फ्री विलचा मुद्दा नीट मांडला, पण त्याचा दावा एवढाच की देव आणि वाईट दोन्ही असण्यात तार्किक विसंगती नाही, देव आहे याचा तो पुरावा नव्हे. भूकंप-पुरासाठी तो पतित (देवाविरुद्ध गेलेल्या) देवदूतांची इच्छा ही नुसती शक्यता म्हणून पुढे करतो, जी मला तरी ओढूनताणून वाटते. ‘पाप केलं म्हणून बुडाले’ म्हणणाऱ्याला मात्र बायबलमधला लूक अध्याय १३ दाखवा, शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले, ते इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते असं येशूच सांगतो.

फक्त एक, पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आणि तेव्हा पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं, ते पावसाने, पण पूररेषेच्या आत प्लॉट पाडून विकणं हे माणसाचंच फ्री विल की हो.