पांढऱ्या पेशी रक्षणासाठी असतात, तर संधिवातात सूज त्यांच्यामुळेच येते असे का म्हणतात? प्रतिकारशक्ती वाढवली तर सूज कमी होईल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते : होणार नाही. संधिवातात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती नको तिथे कामाला लागलेली असते. त्यामुळे ती वाढवायला सांगणाऱ्याला, नेमके काय वाढवायचे आहे, हे एकदा स्पष्ट विचारावे. मी परळ भागातील एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे आणि याच विषयावरून आमच्या घरात बरीच वादावादी झालेली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

गिरगावात राहणाऱ्या माझ्या सासऱ्यांचा गुडघा एका पावसाळ्यात रातोरात सुजला. गुडघा लाल आणि गरम झाला होता, पांघरुणाचा स्पर्शही त्यांना सोसवत नव्हता आणि अंगात ताप होता. रक्ताच्या अहवालात पांढऱ्या पेशींचा आकडा ठळक अक्षरांत छापून आला, कारण 4,000 ते 11,000 ही नेहमीची मर्यादा तो ओलांडून गेला होता. माझे मोठे दीर औषधविक्रीच्या व्यवसायात आहेत. त्यांनी अहवालाचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला आणि जंतुसंसर्ग झाल्याचे जाहीर केले. जवळच्या डॉक्टरांनीही गुडघ्याला सुई न लावता अँटिबायोटिक सुरू केले. सूज हटेना, तेव्हा दिरांचे म्हणणे पडले की औषध अधिक जोरदार हवे. माझे म्हणणे होते की आधी सांध्यातील पाणी काढून तपासावे. ‘तू फक्त नमुने तपासतेस, निदान डॉक्टर करतात,’ हे वाक्य मला त्या वेळी ऐकून घ्यावे लागले.

अखेर पाणी काढले गेले आणि ते आमच्याच प्रयोगशाळेत आले. ते गढूळ आणि पिवळसर होते. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यात युरिक आम्लाच्या क्षारांचे सुईसारखे स्फटिक दिसले. काही मोकळे तरंगत होते, पण बरेचसे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींच्या पोटात होते, आणि एका पेशीत तर स्फटिकाची दोन्ही टोके पेशीच्या कडेबाहेर आलेली होती. नमुना ठेवलेली सूक्ष्मदर्शकाची चकती फिरवली की तोच स्फटिक एका दिशेत पिवळा आणि आडव्या दिशेत निळा दिसत होता. ही गाऊटची, म्हणजे वातरक्ताची खूण आहे. पाण्याच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, एकही जंतू वाढला नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळते. सांध्याच्या अस्तरात मॅक्रोफेज नावाच्या पेशी कायम वस्तीला असतात. त्या हे स्फटिक गिळतात आणि इंटरल्यूकिन-1 बीटा नावाचे रसायन सोडतात. त्यामुळे आसपासच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या आतील थरावर चिकट रेणू उगवतात, आणि वेगाने वाहणारे न्यूट्रोफिल तिथे अडखळत, घरंगळत थांबतात व पेशींच्या फटींतून बाहेर ऊतीत उतरतात. त्यांच्याबरोबर रक्तद्रवही पाझरतो. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही चारही लक्षणे इथेच जन्मतात. न्यूट्रोफिलकडील विकरे आणि ऑक्सिजनची तीव्र संयुगे जंतू मारण्यासाठी असतात, पण स्फटिक मरत नाही. उलट पेशीच फुटते, तिच्यातील सगळा दारूगोळा सांध्यात सांडतो आणि आणखी पेशींना बोलावणे जाते. सासऱ्यांना नंतर कोल्चिसिन हे औषध देण्यात आले. ते एकाही जंतूला मारत नाही. ते पेशींच्या आतील सूक्ष्मनलिकांना बाधा आणते आणि न्यूट्रोफिलची हालचाल मंदावते.

पांढऱ्या पेशी धावून येण्यासाठी जंतूच लागतो असे नाही, हे काही आजचे ज्ञान नव्हे. 1882 मध्ये मेसिना येथे इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला पाहिला. पुढे 1908 मध्ये त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले. परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचे नाव आहे ते वाल्डेमार हाफकिन याच मेचनिकॉफ यांचे ओडेसा येथील विद्यार्थी होते. त्या संस्थेवरून रोज ये-जा करणाऱ्या शहरात ‘पांढऱ्या पेशी वाढल्या, अँटिबायोटिक द्या’ हा शॉर्टकट अजून चालतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

रक्तातील आकड्याला इतके महत्त्व देऊ नये, याचे आणखी एक कारण आहे. स्टिरॉइड दिल्यावर दाह कमी होतो, पण रक्तातील न्यूट्रोफिलची संख्या वाढते, कारण रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात आणि ऊतीत कमी उतरतात. उलट, मुंबईत दर पावसाळ्यात दिसणाऱ्या डेंग्यूत रुग्ण तापाने फणफणलेला असतो आणि पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. दादरच्या पुलावरील माणसे मोजून लालबागच्या रांगेत किती जण उभे आहेत, हे सांगता येत नाही.

तुमचा संधिवात आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) प्रकारचा असेल, तर तिथे स्फटिक नसतात. लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी स्वतःच्याच ऊतींवर उलटतात, मॅक्रोफेज टीएनएफ नावाचे रसायन सोडत राहतात आणि कालांतराने कूर्चा व हाडही झिजते. म्हणूनच त्यावरील प्रभावी औषधे प्रतिकारशक्तीला आवर घालणारी आहेत. आमच्या दिरांनी सासऱ्यांची प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेलीचा काढाही सुरू करून पाहिला होता. 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, पण स्वयंप्रतिकार आजार असलेल्या माणसाने तरी हा प्रयोग स्वतःवर करू नये, असे माझे मत आहे.

दिरांचे आजही म्हणणे आहे की अँटिबायोटिकचा परिणाम उशिरा झाला. गाऊटचा झटका काही दिवसांनी आपोआपही उतरतो, हे मला मान्य आहे, म्हणून कोल्चिसिनने सूज उतरली हा मी पुरावा मानत नाही; पण सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले आणि कल्चरमध्ये जे वाढले नाही, त्याला त्यांच्याकडे उत्तर नाही.

मात्र हे वाचून चालू असलेले अँटिबायोटिक कोणी स्वतःहून बंद करू नये. स्फटिक आणि जंतू एकाच सांध्यात एकाच वेळी असू शकतात, आणि जंतूंनी पू झालेला सांधा थोड्या दिवसांत कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणूनच स्फटिक दिसले तरी कल्चर करावेच लागते. टीएनएफ रोखणारे औषध सुचवले गेले, तर आधी क्षयरोगाची तपासणी झाली आहे ना, हे विचारून घ्यावे, कारण शरीरात दबून राहिलेल्या क्षयजंतूंना कोंडून ठेवण्याचे काम तेच टीएनएफ करत असते. औषध सुरू असताना ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. अशा वेळी पांढऱ्या पेशींचा आकडा मर्यादेत आला, तरी त्यावर विसंबून राहू नये.