इंग्लंडमधल्या खेड्यांतली जुनी चर्चं बघण्यासारखी असतात का, की कॅथेड्रल बघितलं की पुरे?

तुम्ही मुलाकडे महिनाभर जाताय आणि दोन-तीन कॅथेड्रल बघणार आहात असं लिहिलंय, तर माझं म्हणणं, त्यातलं एक कमी करा पण गावातली चर्चं बघाच. मी पूर्व इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात राहते, इथे दर दोन-तीन मैलांवर एक आहे आणि मला अजून कंटाळा आलेला नाही. कॅथेड्रल बिशपचं, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या चर्चांच्या मुख्य धर्मगुरूचं असतं. गावचं पॅरिश चर्च बऱ्याच अंशी गावकऱ्यांच्याच पैशातून वाढत गेलेलं असतं, त्यामुळे गावात कधी पैसा आला, कधी साथ आली, वरून कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट व्हायचा हुकूम आला तेव्हा काय झालं, हे सगळं तिथल्या भिंतींवर दिसतं.

इथल्या लॅव्हनमचंच बघा. एवढंसं गाव, पण चर्चचा टॉवर १४१ फूट! १५०० च्या आसपास हे गाव लोकरीच्या कापडावर प्रचंड श्रीमंत झालं होतं. टॉवरवर ऑक्सफर्डच्या अर्लच्या घराण्याचा तारा कोरलाय आणि वरच्या बाजूला स्प्रिंग नावाच्या कापड व्यापाऱ्याची चिन्हं. हा थॉमस स्प्रिंग १५२३ ला वारला तेव्हा टॉवर पूर्ण करायला २०० पौंड ठेवून गेला. म्हणजे सरदार आणि व्यापारी दोघांनी आपलं नाव लागेल असं बघितलं, आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव असतं ना, तसंच. पुढे कापडाचा धंदा बसला, गावाकडे नवं बांधायला पैसाच राहिला नाही, आणि म्हणून ते जुनं लॅव्हनम तसंच्या तसं शिल्लक आहे.

सफोकमधल्याच ब्लिथबर्गच्या चर्चला गेलात तर आत शिरल्यावर आधी वर बघा. लाकडी छताला पंख पसरलेले देवदूत आहेत, जुना रंग अजून थोडा थोडा दिसतो. १६४४ साली प्युरिटन लोकांचा (चर्चमध्ये मूर्ती-चित्रं नकोत म्हणणारे कट्टर प्रोटेस्टंट) माणूस विल्यम डाउजिंग या भागातल्या चर्चमधल्या मूर्ती आणि रंगीत काचा फोडत फिरत होता, तो इथेही आला, हे देवदूत काढा म्हणाला, तरी ते अजून तिथेच आहेत. त्यांना गोळ्यांची भोकं आहेत ती त्याच्याच माणसांनी पाडली असं पूर्वी सांगायचे, पण लाकडात सापडलेले छर्रे १८व्या शतकातले निघाले, छतातले पक्षी मारायला झाडलेल्या गोळ्यांचे. मला ही दुसरी गोष्ट जास्त आवडते कारण ती खरी आहे.

आणि एकच बघायला वेळ असेल तर मी सफोक सोडून हर्टफर्डशरमधल्या ॲशवेलला पाठवेन. तिथे टॉवरच्या आतल्या भिंतीवर कुणीतरी १३५० च्या प्लेगबद्दल लॅटिनमध्ये खरडून ठेवलंय, की साक्ष द्यायला फक्त हतबल, सैरभैर झालेला लोकांमधला गाळ मागे उरलाय. कोरणाऱ्याचं नाव माहीत नाही. अक्षरं वेडीवाकडी आहेत, मोबाईलचा टॉर्च तिरपा धरला की नीट दिसतात. तिथे मला रडू आलं होतं, खरंच.

प्रॅक्टिकल सांगायचं तर गावातल्या चर्चला सहसा तिकीट नसतं, दानपेटी असते, त्यात काहीतरी टाका कारण छताच्या दुरुस्तीचा खर्च गावालाच जमवावा लागतो. बरीच दिवसा उघडी असतात, बंद असलं तर चावी कुणाकडे आहे त्याची चिठ्ठी दारावर असते कधीकधी. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा फिरायला जाऊ नका. चपला काढायची गरज नाही. छतावरचं कोरीवकाम बघायला दुर्बीण मात्र न्या.

शेवटचं म्हणजे घंटा. इथे घंटेवर गाण्याची चाल वाजवत नाहीत, एकेका घंटेचा दोर एकेक माणूस ओढतो, घंटा पूर्ण गोल फिरते आणि दर फेरीला क्रम बदलतो. सात घंटांचे ५०४० वेगवेगळे क्रम होतात, एकही पुन्हा न घेता सगळे वाजवायला तीनेक तास लागतात! पुण्यात गुरुवार पेठेतल्या पंचहौदच्या चर्चच्या टॉवरमध्ये इंग्लंडमधल्या लॉफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या आठ घंटा आहेत, त्या याच पद्धतीच्या. बऱ्याच गावांत आठवड्यातल्या एका ठरलेल्या संध्याकाळी सराव असतो, वार बाहेरच्या बोर्डावर लिहिलेला असतो, जाऊन विचारा, बहुतेक वेळा वर बोलावतात. जिने फार अरुंद असतात, गुडघे दुखत असतील तर खालूनच ऐका.