वाचकांचे प्रश्न: शनिवार-रविवारची शेती, कोंबड्या आणि मधले पाच दिवस

मागच्या अंकात आमच्या भोरजवळच्या एक एकराबद्दल लिहिलं होतं. सासऱ्यांच्या वाटणीला आलेली डोंगरउताराची जमीन, आम्ही पुण्याहून शनिवारी जातो आणि रविवारी रात्री परत, मुलगी आणि सासूबाई पण असतात सोबत. त्यावर भरपूर मेल आले, त्यातले चार प्रश्न घेतेय.

ताई, आम्ही डोंबिवलीला राहतो, कर्जतकडे गावी अर्धा एकर आहे. मुलांसाठी 25 पिल्लं आणायची म्हणतोय. फक्त वीकेंडला जाऊन जमेल का?

नाही जमणार, हे आधीच स्पष्ट सांगते. झाडं आठवडाभर तुमच्याशिवाय राहतात, कोंबड्या नाही राहत. रोज दिवस मावळायच्या आत खुराड्याचं दार कोण लावणार हे ज्या दिवशी पक्कं होईल त्या दिवशी कोंबड्या आणा, त्याच्या आधी नको. आमच्याकडे बांधाला लागून घर असलेल्या एक काकू ते बघतात, त्यांना महिन्याचे पैसे ठरवून दिलेत, वर अंडी. "जरा लक्ष ठेवा हं" असं म्हणून सोडून देऊ नका, ते पण शेतीतलंच काम आहे आणि त्याचे पैसे द्यायला पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

दुसरं म्हणजे एक दिवसाची पिल्लं आणूच नका. त्यांना पहिला आठवडा साधारण 33 ते 35 डिग्री ऊब लागते आणि मग दर आठवड्याला दोन-तीन डिग्रीने कमी करत न्यायची, त्यात गावची लाईट रात्री गेली की संपलं. थर्मामीटरपेक्षा पिल्लंच सांगतात खरंतर. खाली भाताचं तूस पसरलेलं, वर बल्ब, आणि सगळी पिल्लं बल्बखाली एकावर एक चढून चिवचिवाट करतायत म्हणजे थंडी वाजतेय, बल्बपासून लांब पळून चोच उघडी टाकून बसलीत म्हणजे उकडतंय, आणि सगळीकडे सारखी पांगून टिपतायत म्हणजे बरोबर आहे. हे बघायला पहिले दोन-तीन आठवडे माणूस तिथेच राहायला हवा. त्यामुळे तुम्ही सरळ दोन-अडीच महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या घ्या, पिल्लापेक्षा महाग पडतात पण उबेची भानगड संपलेली असते.

घेताना लसीकरण विचारून घ्या. मानमोडी, म्हणजे राणीखेत हा कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग, एकदा शिरला की त्यावर औषध नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा (राणीखेतची लस), दोन आठवड्यांच्या आसपास गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, चौथ्या आठवड्यात परत लासोटा आणि आठव्याच्या पुढे आर-टू-बी (ही पण राणीखेतचीच लस), असं साधारण वेळापत्रक असतं, नक्की कधी काय ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. लासोटाचा एक थेंब डोळ्यात टाकतात, पिल्लाने डोळा मिटून उघडला की मगच सोडायचं. कुपी बर्फात ठेवून आणायची आणि एकदा पाण्यात मिसळली की दोन तासात संपवायची. एका कुपीत शंभर किंवा जास्त डोस असतात, म्हणून आजूबाजूच्या दोन-तीन घरांनी मिळून एकाच दिवशी करावं, तुमच्याच कोंबड्या सुरक्षित ठेवून उपयोग नाही कारण रोग शेजारून येतो.

आणि जाळी! मुंगूस दिवसाढवळ्या येतं आणि खालून उकरतं. त्यामुळे जाळी जमिनीत फूटभर पुरा, भोकं अर्ध्या इंचाची.

आमच्या नावावर शेतजमीन नाही. पुण्याजवळ 20 गुंठे घ्यायचेत, एजंट म्हणतो काही प्रॉब्लेम नाही. खरंय का?

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, 1948 च्या कुळकायद्याचं कलम 63 आहे, कलेक्टरची परवानगी लागते. आई-वडील, आजोबा कुणाच्या नावावर सातबारा आहे का ते आधी शोधा, वारसाने नाव लागत असेल तर मार्ग आहे. इतक्या छोट्या तुकड्याला तुकडेबंदीचा कायदा (ठरलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकडे विकायला बंदी) पण आडवा येऊ शकतो, त्यामुळे टोकन देण्याआधी वकिलाला कागद दाखवा, एजंटच्या शब्दावर नको. सातबारा, 8अ (खातेउतारा), जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) आणि गटाचा नकाशा बघाच. रस्ता मात्र कागदावर आणि जागेवर दोन्हीकडे बघा. पायवाट आहे म्हणजे ट्रॅक्टर जाईल असं नसतं. रस्ता नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे मागता येतो, पण त्यात वेळ जातो आणि शेजाऱ्याशी वाकडं येतं ते वेगळंच.

आंबे लावायचेत, एकरात किती बसतील? पाणी फक्त जानेवारीपर्यंत असतं.

10 बाय 10 मीटरवर 40, 5 बाय 5 वर 160. पण तुमच्या पाण्यावर मी 40 सुद्धा एकदम लावणार नाही. रोप पावसात जोरात वाढतं आणि मग मार्च ते मे मध्ये मरतं, पहिले दोन-तीन उन्हाळे हेच खरं संकट. टाकीतल्या पाण्यात जेवढी जगतील तेवढीच लावा, दहा लावा, पंधरा लावा. खड्डे एप्रिल-मे मध्ये मीटरभर खोल काढून तापू द्या, पाऊस स्थिरावला की लावा, दिवाळीनंतर बुंध्याभोवती वाळकं गवत जाड पसरा. देशावर असाल तर हापूसपेक्षा केसर बरा.

आणि डोंगराकडेला असाल तर वणवा. फेब्रुवारीपासून कुठूनतरी आग लागते आणि वाळलेल्या गवतातून काही मिनिटांत बांधापर्यंत येते. डिसेंबर-जानेवारीतच हद्दीच्या कडेने गवत कापून जाळरेषा काढून ठेवा, वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला पण, कारण चढावर आग जास्त वेगाने पळते. गवताचं आच्छादन केलं असेल तर दुप्पट काळजी घ्या.

मुलीने प्रत्येक कोंबडीला नाव दिलंय. आता कोंबडे जास्त झालेत आणि एकमेकांना रक्त निघेपर्यंत मारतात. तिला काय सांगू?

खरं तेच सांगा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो, जास्त झाले की कोंबड्यांच्या पाठीची पिसं जातात, त्यांचे हाल होतात. हे तिला स्वतः कोंबडीची पाठ दाखवून सांगा, मुलांना कळतं. जास्तीचे कोंबडे विकले किंवा कापले तर "गावाला पाठवले" असं खोटं नका सांगू, तिला ज्या दिवशी समजेल त्या दिवशी तुमच्यावरचा विश्वास जाईल. आमच्या घरी सासूबाई माळकरी, त्या खात नाहीत आणि आमच्या आवारात कापायचं नाही हे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, म्हणून जास्तीचे काकूंकडे जातात आणि पुढचं त्या ठरवतात, हे मुलीला माहीत आहे. ती रडली, तिला रडू दिलं. पुढच्या खेपेला विकणाऱ्याला सांगा की फक्त तलंगा आणि एकच कोंबडा, त्या वयात तुरा आणि गळ्याकडची पिसं बघून ते बऱ्यापैकी ओळखता येतं.