कळा येताना जवळ कोण हवं?

प्रश्न : सिस्टर, मला आठवा महिना चालू आहे, पहिलंच बाळंतपण. आम्ही विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, राहतो. माझी आई दोन वर्षांपूर्वी वारली. दवाखान्यात एकच बाई सोबत आत चालेल म्हणतात. सासूबाई म्हणतात, मीच येणार. त्या मायाळू आहेत, पण फार घाबरतात, आणि त्यांच्यापुढे मला मोकळं रडताही येत नाही. माझी आत्या विड्या वळते. तिची दोन बाळंतपणं झालीत, स्वभावाने शांत आहे. कुणाला नेऊ? आणि सोबतीण आत बसून करते तरी काय?

उत्तर : पोरी, आत्याला ने. हा काही ओटी भरायचा मान नाही, की नात्याने मोठी असेल तिलाच द्यावा. जिच्यापुढे तुला ओरडता येतं, ती सोबतीण.

मी नोकरीला लागले तेव्हा आम्ही नातेवाइकांना दाराबाहेर ठेवायचो. तेलुगू घरातली एक पहिलटकरीण मला अजून आठवते. कळ आली की कॉटची सळई धरून 'अम्मा, अम्मा' करायची. मी एकटी, तीन बाया सांभाळत होते. तिची आई व्हरांड्यात, वीस पावलांवर. तिला आत घ्यायला हवं होतं. त्याची बोच अजून गेलेली नाही.

२०१६ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने सरकारी दवाखान्यांत सोबतिणीला परवानगी दिली. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, उपचारात तिने हात घालू नये, अशा अटी आहेत. सतत कुणी जवळ असलं की कळांचा काळ थोडा कमी होतो, सिझेरियनही कमी लागतात, हे १७ देशांतल्या १५,००० हून जास्त बायांच्या अभ्यासांत दिसलंय. भीतीने अंग आखडतं, कळा मंदावतात. ओळखीचा हात लागला की अंग सैल पडतं.

पहिल्या खेपेला कळा दहा-बारा तासही चालतात. कळ आली की आत्याने मनगटाजवळच्या तळव्याने तुझी कंबर खाली, माकडहाडाच्या वर, दाबून धरायची. विड्या वळणाऱ्या बाईच्या बोटांत दम असतोच. फक्त हात साबणाने दोनदा धुवायला सांग, तंबाखूच्या वासाने कळांत उलटी होते. दोन कळांच्या मध्ये घोटभर पाणी, दर दोन तासांनी लघवीला उठवणं, सिस्टरनी हो म्हटलं तर चालवणं. 'जोर दे' मात्र तिने म्हणायचं नाही. पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं की सिस्टर सांगतील. आधीच जोर लावला तर बाई नुसती दमते.

सासूबाईंना हे आत्ताच सांगा, कळा सुरू झाल्यावर नको. तू नाही, नवऱ्याला सांगू दे. बाळाचे धुतलेले सुती कपडे आणि तुझी फाईल त्यांच्याकडे द्या. निरोप आला की धावायला बाहेरही भरवशाचं माणूस लागतंच.

पुढच्या तपासणीला आत्याला बरोबर ने, सिस्टरना तिची ओळख होऊ दे. तिला म्हणावं, बाळंतपणाच्या दिवशी बांगड्या काढून, केस बांधून, पोटभर भाकरी खाऊनच ये. उपाशी सोबतिणी चक्कर येऊन पडलेल्या मी पाहिल्यात.