घरची मराठी थांबवू नका
तुमचा मुलगा २२ महिन्यांचा, जेमतेम पाच-सहा शब्द बोलतो. घरी मराठी, सोसायटीत हिंदी, प्लेग्रुपमध्ये इंग्रजी. टीचर म्हणतात तीन भाषांमुळे गोंधळतोय, घरी इंग्रजीच बोला. तर मराठी बंद करावी का, असं तुम्ही विचारलंय.

अजिबात नको. मी परळला स्पीच थेरपिस्ट आहे. हाच सल्ला ऐकून घाबरलेले आईबाबा माझ्याकडे सारखे येतात, आणि दर वेळी मला वाईट वाटतं.

जास्त भाषा कानावर पडल्या म्हणून मूल उशिरा बोलतं, याला संशोधनाचा आधार नाही. दोन भाषांत वाढणारी मुलंही पहिला शब्द वर्षाच्या आसपास बोलतात आणि दोनाच्या सुमारास शब्दाला शब्द जोडतात. फक्त मोजताना सगळ्या भाषा एकत्र धरायच्या. मूल 'पाणी', 'काऊ', 'दो' आणि 'बॉल' म्हणत असेल तर ते चार शब्द झाले. टीचरच्या कानाला त्यातला बहुधा 'बॉल'च लागतो.

बाळाचा कान याहून कितीतरी बारीक काम करत असतो. १९८४ मध्ये कॅनडात संशोधक जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. आवाज बदलला की बाळाने मान वळवायची, मग बाजूचं खेळणं हलायचं. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना तो फरक कळत होता. वर्षाच्या आसपासच्या बाळांना मात्र कळेना, कारण त्यांच्या आजूबाजूला तसा फरक कुणी करतच नव्हतं. हिंदी ऐकणाऱ्या बाळांना तो वर्षाच्या आसपासही कळत राहिला.

पण कानावर नुसता आवाज पडून भागत नाही. सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी मँडरिन, म्हणजे चिनी, बोलणारी माणसं खेळवली. ती बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तेच सगळं टीव्हीवर पाहिलेल्या बाळांच्या पदरात काहीच पडलं नाही. हा अभ्यास २००३ चा. म्हणून मोबाइलवरच्या इंग्रजी बडबडगीतांवर फार भिस्त ठेवू नका.

आता घरी इंग्रजीची सक्ती केलीत तर काय होईल ते बघा. आजी आज खिडकीशी उभी राहून म्हणते, "कावळा आला बघ ग्रीलवर! पोळी हवीय त्याला. देऊया? अरे, उडाला की!" उद्या तीच "कम बेबी, सी क्रो" एवढ्यावर येऊन थांबेल. मुलाला हवी असतात ती अशी भरघोस, सहज आलेली वाक्यं, कारण त्यांतूनच ते नियम काढतं. तीन वर्षांचं मूल "मी करलं" म्हणतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. 'पडलं', 'बसलं', 'उघडलं' ऐकून त्याने स्वतः बसवलेलं रूप असतं ते. अशा वेळी टोकू नका, "हो, तू केलंस!" एवढंच म्हणा. ज्या भाषेत तुम्ही न अडखळता रागावता, लाड करता, गोष्ट सांगता, तीच घरात हवी. इंग्रजी प्लेग्रुपमध्ये आणि पुढे शाळेत येईल.

मात्र २२ महिन्यांना पाच-सहा शब्द हे कमीच आहेत. ते भाषांच्या नावावर खपवलं तर खरं कारण मागे राहतं, म्हणून दोन वर्षं पूर्ण होण्याची वाट पाहू नका. आधी कान तपासून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं, वरून काही दिसत नाही. बांद्रा पश्चिमेला अली यावर जंग संस्थेत ऐकणं आणि बोलणं दोन्ही तपासतात. जाताना एक कागद करून न्या: पाठीमागून हाक मारली तर वळतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, हातवारे न करता "चप्पल आण" म्हटलं तर आणतो का, आणि कोणते शब्द कोणत्या भाषेत बोलतो.